आपल्या पंगतीची तपासणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दुपारच्या भोजनापूर्वी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर आणि भोजनापूर्वी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. वक्त्याला ही वेळ प्रतिकूल खरी. पाठीमागच्या भटारखान्यातून फोडणीचा वास येत असता श्रोत्यांचे चित्त व्यासपीठावर राहावे, अशी अपेक्षा करण्याइतका मी अननुभवी नाही. तथापि मला जो विषय मांडावयाचा आहे, तो त्या भटारखान्याचाच असल्यामुळे ही वेळ मी चिटणीसांकडून मुद्दाम मागून घेतली.

माझी उभी हयात अन्न निरीक्षकाच्या नोकरीत गेली. दुकाने, खानावळी, मिठाईचे कारखाने, दूधसंकलनाची केंद्रे अशा ठिकाणी न बोलावता जाणे हाच माझा व्यवसाय. अशा पाहुण्याचे स्वागत कसे होते, हे मी सांगावयास नको. गल्ल्यावरचा मुलगा आत वर्दी देतो, आतून भांडी हलविल्याचा आवाज येतो, आणि मालक हसतमुखाने चहा मागवितो. त्या हसण्यामागे ‘आला वसुलीला’ हे वाक्य असते. या समजुतीला काही आधारच नाही असे मी म्हणणार नाही. हात ओले करून घेणारे सहकारी मीही पाहिले आहेत. परंतु आपल्या मनातील अढी याहून जुनी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात त्याच्या अंमलबजावणीसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. देवघर, माजघर, बायकामाणसे, कशाचाही विधिनिषेध राहिला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तिच्यामागे हा क्षोभ होता. आरोग्याची तपासणी म्हणजे अब्रूवर घाला, ही गोष्ट मराठी घरांनी तेव्हापासून मनाशी बांधून ठेवली आणि त्यांना दोष देता येणार नाही. मात्र रँडच्या शिपायाला जाब विचारण्याची सोय नव्हती. आजच्या निरीक्षकाला ती मोकळीक नाही, हा भेद आपण लक्षात घेतला पाहिजे.

स्वराज्यात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून तो अंमलात आला. मी त्याच कायद्याखाली नोकरीला लागलो. नमुना घ्यावयाचा तो मालकाच्या देखत, किंमत देऊन. त्याचे तीन भाग करून प्रत्येकावर लाखेची मोहर. विश्लेषकाचा निर्णय मान्य नसेल तर राखून ठेवलेला भाग मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी आरोपीला न्यायालयात करता येत असे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने, जो ऑगस्ट २०११ मध्ये अंमलात आला, ते तीन भाग चार केले. चौथा भाग मालकाने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. दोष आढळला की लगेच टाळे, असेही नाही. आधी सुधारणेची नोटीस, आणि तिला निदान चौदा दिवसांची मुदत. लोकांच्या जिवाला तात्काळ धोका दिसला तरच धंदा ताबडतोब बंद करण्याचा मार्ग आहे. एवढेच नव्हे, तर आपणासारख्या ग्राहकालाही शुल्क भरून विकत घेतलेल्या पदार्थाचे विश्लेषण करून घेण्याचा अधिकार याच कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने दिला आहे. तो वापरलेला मी फार क्वचित पाहिला.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर जाहीरपणे कधी बोललो नाही.

सुमारे १९८६ ची गोष्ट असेल. एका तालुक्याच्या गावी मी नेमणुकीवर होतो. तेथे आपल्याच एका ज्ञातिबांधवाची खानावळ होती. गावाचे व त्यांचे नाव मी घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. परवान्याच्या नूतनीकरणासाठी पाहणी करावयाची होती. मी गेलो तेव्हा पाण्याच्या टाकीला झाकण नव्हते, खवा उघड्या परातीत होता, आणि तो मळणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला गळू होऊन त्यावर चिंधी बांधलेली होती. मी टिपण केले व परतलो. संध्याकाळी माझे मामा आणि ज्ञातीतील दोन प्रतिष्ठित गृहस्थ घरी आले. मामा म्हणाले, “अरे, आपलाच माणूस आहे. पोरीबाळींचा संसार आहे त्याचा. जरा सांभाळून घे.” त्यांनी पैसे देऊ केले नाहीत, केले असते तर नाही म्हणणे मला सोपे गेले असते. त्यांनी मला माझ्या शिक्षणाच्या वेळी मंडळाने दिलेल्या शिष्यवृत्तीची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी अहवालावर मी ‘समाधानकारक’ असे लिहिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या खानावळीने एका लग्नाचे जेवण केले. पंगत उठून चार तास झाले नाहीत तोच वऱ्हाडी उलट्यांनी आडवे पडले. सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात म्हणून व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. त्यांत माझ्या चुलतभावाची आठ वर्षांची मुलगी होती. अंगातले पाणी जाऊन तिचे डोळे खोल गेले होते. शिरा सापडेनात म्हणून परिचारिका तिच्या पायाला सुई लावीत होती, आणि मी कंदिलासारखा नुसता उभा होतो. ती वाचली. सगळेच वाचले. ती पंगत कोणाची होती? आपलीच. मी ज्याला सांभाळून घेतले तो एक ज्ञातिबांधव होता आणि ज्यांना सांभाळले नाही ते शंभर ज्ञातिबांधव होते, हे गणित मला त्या व्हरांड्यात उमगले. वरिष्ठांना मी खरे सांगितले व मला ठपका मिळाला. मामा पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या गळवाचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. आपल्या कातडीवर, नाकात आणि विशेषतः पिकलेल्या जखमेत एक जंतू राहतो. तो खव्यात, बासुंदीत, श्रीखंडात पडला आणि पदार्थ उबदार जागी काही तास राहिला, की तेथे विष तयार करतो. पुढे पदार्थ उकळला तर जंतू मरतात, विष मात्र मरत नाही. म्हणून ‘पुन्हा एक उकळी देऊ’ हा आपल्या आचाऱ्यांचा ठेवणीतला उपाय येथे निरुपयोगी आहे. भाताची तऱ्हा निराळी. तांदळातील एका जंतूची बीजे शिजूनही जिवंत राहतात आणि भात सकाळचा संध्याकाळपर्यंत डेगीत दडपून ठेवला की फोफावतात. ढोबळ नियम असा की ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानात शिजलेले अन्न रेंगाळू देऊ नये. ते कढत तरी असावे, नाहीतर थंडगार. नाकाला वास येईपर्यंत थांबणारा माणूस यात हमखास फसतो, कारण या विषाला वास नसतो.

प्रसाद आहे, पुण्यकार्य आहे, तेथे काय व्हावयाचे, ही समजूतही सोडावी लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहाच्या एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद घेऊन दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली. रुग्णालयात जागा नव्हती म्हणून रस्त्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाइन लावावे लागले. तेथील अन्न करणाऱ्यांचा भाव आपल्यापेक्षा कमी शुद्ध होता काय?

आता आपल्या या नव्या कार्यालयाकडे वळतो. येथील स्वयंपाकघराची नोंदणी झालेली नाही. कार्यकारिणीत हा विषय दोनदा निघाला आणि दोनदा ‘घरच्या कार्याला सरकारी माणूस कशाला?’ असे म्हणून बाजूला पडला. ज्या वडीलधाऱ्यांनी हे म्हटले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण घरात दहा पाने मांडणे आणि येथे सहाशे पाने मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या विनियमांत धार्मिक व सामाजिक समारंभांत अन्नवाटप करणाऱ्यांचाही नोंदणीत समावेश केला गेला आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरले. आपल्या हारतुऱ्यांचा खर्च याहून किती तरी अधिक आहे. बाहेरचा आचारी ठेकेदार बोलावला तर त्याच्याकडे त्याचा स्वतःचा परवाना असला पाहिजे. त्यावर चौदा आकडी क्रमांक असतो, तो विचारण्यात संकोच नसावा. स्वयंपाक्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि पिण्यायोग्य पाणी, या अटी कोणत्याही गृहिणीला जाचक वाटणार नाहीत. आपल्या येथे टँकरचे व कूपनलिकेचे पाणी एकाच टाकीत पडते, आणि त्या टाकीचे झाकण गेल्या पावसाळ्यापासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उलटे पडले आहे. आज पहाटे मी ते जागेवर ठेवले, पण बिजागरी तुटलेली आहे.

पहाटे मी आणखीही एक गोष्ट केली आणि ती आपणांस माझ्याच तोंडून कळावी. काल रात्री नऊ वाजता उतरविलेली बासुंदी तीन खोल पातेल्यांत तशीच ठेवली होती. सकाळी सहा वाजता ती कोमट होती. चारोळ्या-बदामाचे काप रात्री हातानेच घातले होते. आपले आचारीबुवा मला पितृस्थानी आहेत, माझ्या मुंजीचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. मी त्यांचे हात पाहावयास मागितले, त्यांनी मुकाट्याने पुढे केले. हात स्वच्छ होते. तरीही चाळीस लिटर दुधाची ती बासुंदी मी अध्यक्षांच्या अनुमतीने ओतून दिली. खजिनदार माझ्यावर रुष्ट आहेत व तो त्यांचा अधिकार आहे. ती बासुंदी कदाचित निर्दोषही असेल. ओतून दिल्यामुळे आता ते कधीच कळणार नाही.

तेव्हा आजच्या पानात गोड म्हणून जिलेबी आहे, ती आत्ता कढईतून निघते आहे. नोंदणीचा अर्ज भरून मी चिटणीसांकडे दिला असून त्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी व्हावयाची आहे. पाण्याचा नमुना घेण्याची निर्जंतुक बाटली माझ्या पिशवीत आहे. भोजनोत्तर दोन तरुणांनी माझ्याबरोबर गच्चीवर यावे. भात उतरल्याची खूण वाढपी मघापासून करीत आहेत, आणि तो निवू देणे मला शोभणार नाही. आपली रजा घेतो.