बंड्या कॉमेडी की फनी?



"आमचा बंड्या फार कॉमेडी आहे!"
मराठीत हे सहज चालतं.
इंग्रजीत मात्र नाही.

तिथे कॉमेडी हे नाम आहे, विशेषण नव्हे.
माणूस असतो फनी.
हसवणं हा त्याचा पेशा असेल, तर तो कॉमेडियन.
पुन्हा सांगते…
माणूस फनी.
नाटक, सिनेमा कॉमेडी.

विनोदी प्रकार आवडतो?
म्हणा, 'आय लाइक कॉमेडी'.
एखादा विनोदी सिनेमा पाहिलात?
मग 'अ कॉमेडी'.
आधी तो छोटासा 'अ' हवाच.

आणि मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी'?
मला कॉमेडी या शब्दाचा हा जुना अर्थ फार आवडतो.
ते काव्य नरकातून निघतं, स्वर्गात पोचतं.
त्या काळी सुरुवात दुःखाची आणि शेवट गोड, म्हणजे कॉमेडी.
मग हसू येवो, न येवो.