गेट्सहेड : कलेच्या आधाराने सावरलेला नदीकाठ

ईशान्य इंग्लंडमधील टाइन नदीच्या दक्षिण काठावरचे गेट्सहेड हे कोळसा आणि जड उद्योगांवर पोसलेले शहर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणी बंद पडल्या, नदीकाठ ओस पडला. १९९४ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नातील कलांचा वाटा आर्ट्स कौन्सिलमार्फत मिळू लागला. गेट्सहेडच्या नगरपरिषदेने ही संधी अचूक हेरली.

जुन्या खाणीच्या जागेवर १९९८ मध्ये अँटनी गॉर्मली यांचे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे पोलादी शिल्प उभे राहिले. उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर, वजन सुमारे २०० टन. उघड्या टेकाडावर वाऱ्याचा मारा मोठा, म्हणून काँक्रीटचे खांब जमिनीत खोलवर रोवून पाया भक्कम केला आहे. खर्चावरून आधी काहूर उठले. आज हेच शिल्प त्या प्रदेशाची ओळख आहे.

पुढे नदीकाठच्या बंद पिठाच्या गिरणीत २००२ मध्ये ‘बाल्टिक’ हे समकालीन कलेचे केंद्र सुरू झाले आणि २००४ मध्ये शेजारीच ‘सेज’ हे संगीतगृह उघडले. अशा प्रकल्पांत आर्ट्स कौन्सिल आणि प्रादेशिक विकास संस्था भागीदार असत; आर्ट्स कौन्सिल कलेचा दर्जा पाही, तर विकास संस्था रोजगार आणि गुंतवणूक मोजत. ही दोन मापे जुळवणे हाच अशा भागीदारीतला खरा कठीण भाग, कारण इमारत एकदाच बांधायची असते, पण ती चालवण्याचा खर्च दरवर्षी येतो. इंग्लंडमधील प्रादेशिक विकास संस्था २०१२ मध्ये बरखास्त झाल्या. बाल्टिक आणि ते संगीतगृह मात्र सुरूच आहेत.