घाट आणि सारथी



मोटार-कामगारांत हयात गेलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत जपानच्या एका शर्यतपटूवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आम्हांस हा विषय घरचाच वाटतो. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली हे घाट रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या हातांत एक विद्या आहे. त्या विद्येला मान कसा मिळतो, हे ज्यांच्या चरित्रातून कळते असे एक गृहस्थ म्हणजे केइइची त्सुचिया.

त्यांचा जन्म १९५६ सालचा, नागानो या डोंगराळ प्रांतातला. मोटारशर्यत हा जगभर पैसेवाल्यांचा खेळ. यांनी आपला हात बसवला तो घाटरस्त्यावर. १९७७ साली फुजीच्या मैदानावर ते नवशिक्यांच्या शर्यतीत उतरले. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरू द्यायची आणि स्टिअरिंग व पाय यांच्या मेळाने गाडी हव्या त्या वाटेनेच न्यायची, याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. ही कला त्यांनी इतकी घोटली की लोक त्यांना 'ड्रिफ्टचा राजा' म्हणू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे कसब त्यांनी रहदारीच्या रस्त्यावर चालवले. १९८७ साली त्याची चित्रफीत निघाली आणि त्यांचा शर्यतीचा परवाना काही काळ निलंबित झाला. ते योग्यच झाले, असे आम्ही म्हणतो. घाट कोणा एकाच्या मालकीचा नसतो. वळणापलीकडून उसाचा ट्रक येत असतो, आणि त्यात आमचाच एखादा भाऊ बसलेला असतो!

पण माणूस तेथेच थांबला नाही. फ्रान्समध्ये ल मान्स येथे चोवीस तासांची शर्यत होते. तीन चालक पाळीपाळीने एकच गाडी चालवतात. १९९५ साली आपले आदर्श कुनिमित्सु ताकाहाशी आणि अकिरा इइदा यांच्या जोडीने त्यांनी होंडा गाडीतून आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. १९९९ साली टोयोटातून सर्व गाड्यांत दुसरा क्रमांक आला. शेवटच्या टप्प्यात टायर फुटला नसता, तर कदाचित पहिलाही आला असता. २००३ साली ते शर्यतीतून निवृत्त झाले.

शर्यत जिंकणारे पुष्कळ असतात. यांचे वेगळेपण असे की यांनी आपल्या विद्येला वाचा दिली. 'बेस्ट मोटरिंग' आणि 'हॉट व्हर्जन' या चित्रफितींच्या मासिकांतून ते गाडी हाकता हाकता बोलत : टायर कोठे धरतो, ब्रेक किती दाबावा, गाडी चालकाला काय सांगते आहे. तेथे घाटातली झुंज होई, पण ती रहदारीला बंद असलेल्या वाटेवर. दाइजिरो इनादा यांच्यासह त्यांनी 'डी-वन' ही ड्रिफ्टची स्पर्धा उभारली. जे रात्री चोरून चाले, ते पंचांसमोर मैदानात आले.

सातारा-सांगलीकरांना हे नवे नाही. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पशुवैद्याचा दाखला लागतो, काठी-चाबूक चालत नाही. खेळ नियमात आला. पण माईक आजही समालोचकाच्या हाती असतो. गाडी हाकणाऱ्याला त्याची विद्या कोण विचारतो?

तीच गत आमच्या ड्रायव्हरांची. ज्या गिअरवर घाट चढावा, त्याच गिअरवर उतरावा, हे जुन्या ड्रायव्हरास पाठ असते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्या पोराला ते कोणी सांगत नाही. ब्रेक तापतात, निकामी होतात. मग वर्तमानपत्रात चार ओळी येतात : चालकाचा ताबा सुटला. ताबा कसा राखावा, हे त्याला कोणी शिकवले होते काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यात एक बंद मैदान द्या. तेथे निवृत्त ड्रायव्हरांना मानधन देऊन उभे करा आणि नव्या पोरांना त्यांच्या शेजारी बसवा. राजे होण्याची हौस आमच्या माणसांना नाही. हातातली विद्या हातासोबत मातीत जाऊ नये आणि घाटात गेलेला माणूस संध्याकाळी घरी यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.