सुरुवात घरच्या सातबाऱ्यापासून



नाचगाण्यानंतर भाषण ऐकायला बसवलं की मुलं चुळबुळतात. तुम्ही बसलात, म्हणून मीही कामाचंच बोलतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आपलं ग्राम बालशिक्षा केंद्र या टेकडीवर घेऊन आल्या. मुलं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. वकिलीची प्रवेश परीक्षा मात्र तुमच्यामागे कुरणावर येणार नाही. ती संगणकावर होते आणि तिच्यापाशी तुम्हालाच जायचं आहे. तुम्ही जावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

मी डहाणूच्या कोर्टात वकिली करतो. समोर माणसं बसतात ती वारली बोलतात. कागद मराठीत असतो, वरच्या कोर्टात गेला की इंग्रजीत जातो. आपली जमीन कशी गेली हे त्या माणसाला नीट सांगता येतं, पण ते कागदावर उतरेपर्यंत निम्मं गळून जातं. या दोन्ही तालुक्यांत, डहाणूत आणि तलासरीत, वारलीतून थेट अर्ज लिहू शकेल असा वकील हवा आहे. तो बाहेरून येणार नाही, तुमच्यातूनच व्हायला हवा.

कायदा इथे नवा नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवून उठले. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. पुढे डहाणू तालुक्याला १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. तुमच्या घरामागची वाडी आणि खाडी अशा कागदांनी राखली गेली आहे. हे कागद वाचणारी माणसं पुढच्या पिढीतही लागतील.

आता परीक्षेकडे वळू. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याचा सीईटी कक्ष ऑनलाइन परीक्षा घेतो. १२० प्रश्न, १२० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कायद्याचा कल ३२ गुणांना, तर्कबुद्धी ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित फक्त ८. गणिताच्या धास्तीनं कुणी मागे राहू नये. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. पूर्वी १५० प्रश्न असत, जुनी पुस्तकं त्याच हिशेबाची आहेत. म्हणून ज्या वर्षी परीक्षा देणार त्या वर्षीची माहिती पुस्तिका आधी वाचा, पुस्तक मग घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट वेगळी. ती इंग्रजीत, कागदावर असते आणि चुकीला पाव गुण जातो. तिची तयारी वेगळी करावी लागते.

मुलांची मोठी गैरसमजूत ही की कलमं पाठ करावी लागतात. तसं नाही. एक नियम देतात, एक घटना देतात आणि विचारतात, नियम या घटनेला लागतो का? समजा नियम असा: दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येण्यासारखी वस्तू अप्रामाणिक हेतूनं, त्याच्या संमतीशिवाय हलवली की चोरी होते, जमिनीला धरून असलेली वस्तू जमिनीपासून तोडली की ती हलवता येण्यासारखी होते आणि ते तोडणं हेच हलवणं धरलं जातं. घटना: एक माणूस रात्री शेजाऱ्याच्या बांधावरचा साग न्यायच्या इराद्यानं तोडतो. झाड आडवं पडतं, तोच मालक येतो आणि हा पळतो. चोरी झाली का? दहातले आठ जण म्हणतील, नेलं कुठे? पण नियम पुन्हा वाचा. झाड तुटलं त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली. हे उदाहरण इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. इथे पाठांतर कामाला येत नाही. दिलेला शब्द सोडायचा नाही आणि आपल्या मनातला घालायचा नाही, एवढंच पाहतात.

याचा सराव घरीच होतो. वडिलांकडून सातबारा मागा आणि त्यावरचा प्रत्येक शब्द समजून घ्या. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ काढा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायची तर कुणाची परवानगी लागते, ते त्यात आहे. आपल्या जमिनीवर तो नियम लावून पाहा. ग्रामसभेला जाऊन मागे बसा. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. त्यांतला एकेक मुद्दा तिथे कुणीतरी मांडतच असतं. शिकवणीत हजारो रुपये भरणाऱ्या शहरातल्या मुलाला हे बघायलाही मिळत नाही. तुमचं बळ इथे आहे, आणि मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

तुम्ही कमी पडता ते माऊसवर. उत्तर माहीत असतं, पण पडद्यावर लांब उतारा वाचताना डोळा हरवतो, मागचा प्रश्न शोधण्यात दोन मिनिटं जातात. मोबाइलवर सराव करून ही सवय होत नाही. प्राचार्यांना माझी जाहीर विनंती आहे: संगणक कक्ष सुट्टीनंतर दोन तास उघडा ठेवा. वीज गेली तर त्या दिवशी कागदावर, पण घड्याळ लावूनच.

पालकांनो, एक गोष्ट आजच डोक्यात घ्या. जमातीच्या दाखल्यावर भागत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने लागतात. अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करा. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुने महसुली कागद, जे असेल ते जमवा. आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव सारखं आहे का तेही बघा. चांगले गुण असूनही केवळ कागदापायी प्रवेश गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबापांना काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. मुलींच्या पालकांनी तर नक्की करा. परीक्षेचं केंद्र लांब आलं तर आदल्या दिवशीच जा, सकाळच्या लोकलवर विसंबू नका.

घटनेची मराठी प्रत, जमीन महसूल संहिता आणि नवी न्याय संहिता मी ग्रंथालयात दिली आहे. येत्या रविवारपासून, प्राचार्यांची परवानगी आहे म्हणून, सकाळी दहा वाजता मी संगणक कक्षात बसेन. येताना घरचा सातबारा आणा. नावं नोंदवायची वही ग्रंथपालांच्या टेबलावर आहे.