मंडळीला गाता येईल असे वाजवा

(नवापूर तालुक्यात झालेल्या वर्शिप टीमच्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



रविवारच्या उपासनेत वर्शिप टीमने पुढारपण कसे करावे, असा विषय मला दिला आहे. मी काही संगीताची शिक्षिका नाही. माझा आठवडा वसतिगृह, जातीचे दाखले, रेशनकार्ड आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांत जातो. पण रविवारी कोणत्या ना कोणत्या गावच्या मंडळीत मी बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसलेली असते. तिथून जे ऐकू येते ते पुढे गिटार घेऊन उभा असलेल्याला ऐकू येत नाही. त्याच्यासमोर मॉनिटर असतो, कानात स्वतःचाच आवाज असतो. शेवटच्या रांगेचा हिशेब तेवढा आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. मी गिटार-कीबोर्डच्या विरोधात नाही. उपासनेला दहा मिनिटे उशिराच यायचे असे ज्यांनी ठरवलेले होते, ते मुलगे आता सरावासाठी सकाळी आठ वाजता चॅपलचे दार उघडतात. हा लहान बदल नाही. काही वडीलमंडळींना वाटते की जुनी चाल तेवढी पवित्र आणि नवी ती सिनेमाची. त्यांना नम्रपणे सांगते, आपल्या हातातले ‘उपासना संगीत’ही एकेकाळी नवेच होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत, कारण इथली माणसे ओवी ऐकत होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्यानंतर त्यांनी अभंग-भजनाच्या वळणाची जी गीते मंडळीला दिली, ती त्या काळची नवी गाणीच होती. आणि आपण जिला आपली जुनी पेटी म्हणतो ती हार्मोनियम तर फ्रान्समधून आलेली. ती भारतीय गाण्याला शोभत नाही म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली होती, आणि पुढे कितीतरी वर्षे ती टिकली. तेव्हा जुने-नवे हा वाद बाजूला ठेवू. मंडळी गाते आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या पाहण्यात बऱ्याच ठिकाणी मंडळी गात नाही, ऐकते. पुढे पाच जण गातात, मागे साठ जण पाहतात. टाळ्या वाजतात, एखाद-दुसरा हात वर होतो, पण बायकांच्या बाजूला ओठ हलत नाहीत. टीमला वाटते, यांना नवी गाणी आवडत नाहीत. तसे नसते. पुष्कळदा कारण अगदी साधे असते, पट्टी.

जरा सविस्तर सांगते, कारण याने निम्मे काम होते. तुम्ही गाणे मोबाइलवर ऐकता आणि ज्या पट्टीत ऐकले त्याच पट्टीत वाजवता. ते ध्वनिमुद्रण करणारा गायक उंच आवाजाचा, रियाज केलेला पुरुष असतो. कडव्यात तो हळू, खाली गातो आणि ध्रुपदाला एकदम वर जातो. ऐकायला छान वाटते. आता आपल्या बायका काय करतात पाहा. त्याच्याच सुरात गाऊ लागल्या तर कडव्यात त्यांचा आवाज तळाला जाऊन घोगरा होतो. एक सप्तक वर गेल्या तर ध्रुपदाला आवाज फाटतो. दोन्हीकडून अडचण, म्हणून त्या गप्प बसतात. दिवसभर शेतात राबून आलेले पुरुषही ध्रुपदाला गप्प होतात, पण ते टाळ्या वाजवून वेळ मारून नेतात!

भजनी मंडळातला माणूस सांगेल, पुरुषांची पट्टी काळी एक किंवा काळी दोन, बायकांची काळी चार, काळी पाच. दोघे एकत्र आले की कोणाची तरी ओढाताण होते. म्हणून ‘सा’ कुठे आहे हे पाहण्याऐवजी गाण्यातला सर्वांत उंच सूर शोधा. बायकांच्या आवाजाने मोजले तर तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पलीकडे जाऊ नये. मग सर्वांत खालचा सूर शोधा. तो खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या खाली उतरू नये. पुरुष तेच एक सप्तक खाली गातील. या चौकटीत गाणे बसले तर आजीपासून सहावीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना गाता येते. बसतच नसेल तर ते गाणे टीमने विशेष गीत म्हणून गावे, मंडळीवर लादू नये. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचे बटण आहे. गिटारवाल्यांनी लक्षात ठेवावे, कॅपो पट्टी वर नेतो, खाली आणत नाही. खाली यायचे तर कॉर्ड बदलून बसवावे लागतात, आणि ते शनिवारी करायचे काम आहे.

जुनी भजने वाजवताना आणखी एक होते. चार कॉर्ड शिकलेला मुलगा प्रत्येक गाण्याला तेच चार लावतो. भजनाची चाल रागावर असते, तिच्या प्रत्येक सुराखाली कॉर्ड बदलत गेले की चाल गुदमरते. अशा वेळी गिटारने सा आणि प एवढेच धरून ठेवावे, ढोलकीने ठेका द्यावा आणि बाकीचे मंडळीवर सोडावे. काही न वाजवणे हेही वादकाचेच काम आहे. पहिल्या इतिहासाच्या 15व्या अध्यायात कनन्या हा गायनाचा पुढारी म्हणून नेमलेला दिसतो, आणि त्याचे कारणही तिथे दिले आहे, तो त्यात निपुण होता. भक्ती आहे म्हणून सराव नको, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. आपली चॅपले वीस बाय तीस फुटांची, भिंती सिमेंटच्या, वर पत्रा. तिथे लग्नाच्या मंडपाचे स्पीकर लावले की शब्द पत्र्यावर आपटून परत येतात आणि कोणाला काही कळत नाही. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवलात तर शिटी वाजणारच. आणि एक कसोटी ठेवा. शेवटच्या रांगेत बसलेल्याला शेजाऱ्याचे गाणे ऐकू आले पाहिजे. ते ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा, कारण शेजारी गातो आहे हे कळले तरच लाजाळू माणूस तोंड उघडतो. पावसाळ्यात आपल्याकडे पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा स्पीकरही हरतो. तेव्हा ढोलकी आणि टाळ्या पुरे.

आता भाषा. हा विषय मला सगळ्यांत जवळचा आहे. इथे बसलेल्या किती जणांच्या घरी मराठी बोलतात? घरी माउची, पावरी, कोकणी, देहवाली. मराठी शाळेत भेटली, हिंदी मोबाइलवर, आणि आता इंग्रजी गाण्यांच्या ओळीही मधूनमधून येतात. पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात सांगितले आहे की आत्म्याने गावे तसे समजूनही गावे. ज्या बाईने आयुष्यात शाळा पाहिली नाही तिच्यापुढे प्रोजेक्टरवर ओळी टाकून काय उपयोग? आमच्या एका मंडळीत प्रोजेक्टर आला तेव्हा वाचता येणारी मुले अधिक गाऊ लागली आणि न वाचणारे वडील भिंतीकडे पाहत राहिले.

याचा उपाय आपल्याच घरी आहे. भजनात पुढचा ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. सातपुड्यातली गाणीही अशीच चालतात, एकाने किंवा दोघींनी सुरुवात करायची आणि सगळ्यांनी ओढून धरायची. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्या फेरीत ओळ पाठ झालेली असते. ना वीज लागते, ना पडदा. नवे गाणे शिकवताना हीच पद्धत वापरा. एका रविवारी एकच नवे गाणे, आणि तेच पुढचे दोन-तीन रविवार. दर आठवड्याला नवे गाणे आणणारी टीम स्वतःपुरते शिकते, मंडळी कधीच शिकत नाही.

भाषांतर करताना शब्दाला शब्द लावू नका. ‘अनुग्रह’, ‘नीतिमत्त्व’, ‘गौरव’ हे शब्द आपण डिप्लोमाला शिकलो, पण चालीत ते कोंबले की जीभ अडखळते. अर्थ घ्या, आणि गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारा की हे आपल्या बोलीत कसे म्हणशील. ती जे म्हणेल ते बहुधा गाण्यासारखेच असते.

पावरीबद्दल कालपासून तीन जणांनी विचारले. पावरी म्हणजे आपल्या डोंगरपट्ट्यातले फुंकून वाजवायचे वाद्य, तारप्याच्या जातीतले. तरुण म्हणतात, हे आमचे वाद्य, उपासनेत का नको? वडील म्हणतात, ते डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजते, त्याच्या सुराबरोबर आमच्या अंगात जुन्या आठवणी येतात. दोघांचेही खरे आहे. स्तोत्र 150 मध्ये वाद्यांची मोठी यादी आहे आणि कोणत्याही वाद्याला स्वतःचा धर्म नसतो असे माझे मत आहे. पण ज्याने त्या सुरावर पूर्वी नवस केले त्याला त्रास होत असेल तर त्याचा त्रास खोटा नाही. हा निर्णय पुण्या-मुंबईच्या माणसाने करू नये, मीही करणार नाही. त्या गावच्या मंडळीने बसून करावा, आणि बसताना बायकांनाही बोलवावे. एका गावाने उपासनेबाहेर, कापणीच्या सणाच्या जेवणात पावरी वाजवून पाहिली. दुसऱ्या गावाने नको म्हटले. दोन्ही गावांत शांतता आहे.

आता जे बोलणार आहे ते टीमला आहे आणि हितचिंतकांनाही. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली माणसे उचल घेऊन ऊसतोडीला जातात, सुरत-बारडोलीकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुले बरोबर, मुक्काम पडावावर. कीबोर्ड वाजवणारा मुलगा त्यातच असतो. तो गेला की कीबोर्ड कपड्यात गुंडाळून ठेवतात, आणि चार-पाच महिने मंडळी मुकी होते. जुन्या भजनांचा पुढारी गेल्या काही वर्षांत कोणी तयार केलेला नसतो, कारण टीम आहे ना! आणि तिकडे पडावावर रात्री प्लास्टिकच्या खोपटात दहा-बारा जण प्रार्थनेला बसतात. त्यांना जी गाणी येतात ती विजेवर चालणारी आहेत.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक टीमने अशी दहा गाणी तयार ठेवावीत जी काहीही वाद्य नसताना, अंधारात, पाठ गाता येतील. आणि प्रत्येक टीममध्ये गावातच राहणारी दोन माणसे असावीत. अंगणवाडीताई असेल, म्हातारे काका असतील, वसतिगृहातली मुलगी असेल. त्यांना सुरुवात करून द्यायला शिकवा. वाजवणारा परत येईल तेव्हा मंडळी गात असलेली सापडेल.

हितचिंतकांनो, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. शहरातल्या एका मंडळीने मागे एका गावाला ड्रमसेट पाठवला. वाजवणारा मुलगा कामासाठी बाहेर गेला, आणि आता त्या कोपऱ्यात बियाण्याची पोती आहेत, ड्रम त्यांच्या मागे. देण्यापूर्वी विचारा एवढेच म्हणते. ढोलकीची पुडी बदलायला पैसे लागतात. बॅटरीवर चालणारा लहान कीबोर्ड लागतो. महिन्यातून एकदा गावात येणाऱ्या संगीतशिक्षकाचे बसभाडे लागते. बोलीतल्या गाण्यांची साधी पुस्तिका छापायला लागते, आणि म्हाताऱ्या बायकांना पाठ असलेली गाणी त्या आहेत तोवर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायला एक चिकाटीचे माणूस लागते. हे सगळे मिळून मोठ्या स्पीकरपेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक, जरा कडू आहे. आमोसाच्या 5व्या अध्यायात देव आपल्या लोकांना गाण्यांचा गोंगाट दूर करा म्हणतो, आणि त्याऐवजी न्याय वाहत्या पाण्यासारखा मागतो. ज्या घराची उचल फिटत नाही, ज्या घरातली मुलगी सहावीतून कोयत्यावर गेली, ते घर रविवारी आपल्यासमोर बसलेले असते. गाणी निवडताना टीमने या घरांची नावे माहीत करून घ्यावीत. सगळी गाणी विजयाची आणि नाचाचीच असतील तर रडणाऱ्याने कोणते गाणे गावे? स्तोत्रसंहितेत विलापाची गीते पुष्कळ आहेत, आपल्या यादीत एकही नसते. महिन्यातून एक तरी ठेवा.

आता व्यवहाराचे बोलून थांबते. जेवणानंतर प्रत्येक टीमने एकेक गाणे आणायचे आहे, जे तुमची मंडळी सर्वांत कमी गाते ते. स्वयंपाकघरातल्या बायकांना मी बोलावले आहे, त्या शेवटच्या रांगेत बसतील. माइक बंद राहतील. गाण्याचा सर्वांत उंच सूर आपण आधी पेटीवर शोधू, पट्टी बदलू, आणि मग त्यांना गायला लावू. त्या कोणत्या ओळीला गप्प झाल्या ते वहीत लिहून घ्यायचे आहे, तेव्हा पेन घेऊन या.