गिरडला पुष्पगुच्छ मागवताना

समुद्रपूर तालुक्यातलं गिरड म्हटलं की टेकडीवरचा शेख फरीदबाबांचा दर्गा आठवतो. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी तिथली आख्यायिका. आपला फुलांचा माल मात्र नाजूक, उन्हात तासाभरात माना टाकणारा. म्हणून गिरडमधल्या कुणाला बुके पाठवायचा असेल, तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

जरबेरा आणि डच गुलाब हरितगृहातले. ते लांबून, थंडाव्यात येतात आणि नागपूरसारख्या मोठ्या बाजारातून पुढे जातात. प्रवास वाढला की फुलांचं आयुष्य घटतं, आणि वैदर्भीय मे महिन्यात तर पारा पंचेचाळीसला टेकतो! त्यापेक्षा शेवंती, झेंडू, निशिगंध जवळपास मिळतात का, ते विचारा. निशिगंधाच्या खालच्या कळ्या उमललेल्या आणि वरच्या मिटलेल्या असाव्यात. माझं मत विचाराल तर चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा असा साधा गुच्छ केव्हाही देखणा.

पत्ता सांगताना घराजवळची ठळक खूण आणि घेणाऱ्याचा फोन नंबर द्या. पोचवणाऱ्याला सकाळी ऊन चढायच्या आत यायला सांगा.

गुच्छ हाती आला की वेष्टण सोडा, देठ तिरके कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. पाणी रोज बदला. आणि हो, पिकलेल्या केळ्यांशेजारी फुलदाणी ठेवू नका. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात.