बाल्कनीतलं सुतारकाम: मशीनच्या आधी क्लॅम्प

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. घरी सुतारकाम सुरू करायचंय, पहिलं मशीन कुठलं घेऊ? उत्तराने थोडा हिरमोड होईल. पहिलं मशीन घेऊच नका. आधी क्लॅम्प घ्या.

का ते सांगतो. रील बघताना आपली नजर असते पात्यावर. पुढच्या वेळी बघा, लाकूड कशाने धरलंय. आपल्याकडे नवशिका काय करतो? फळी प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवतो, वर पाय देतो, एका हाताने दाबतो आणि दुसऱ्याने कापतो. म्हणजे एक हात कायम धारेच्या वाटेवर. फळी जराशी सरकली की करवत उडाली, पटाशी घसरली. तीच फळी दोन क्लॅम्पनी टेबलाला आवळा. आता दोन्ही हात अवजारावर, धारेच्या मागे. शिवाय काप सरळ येतो, हा बोनस.

तर पहिली खरेदी: चार क्लॅम्प आणि न डुगडुगणारं, कमरेएवढं, जड टेबल. मग टेप, गुण्या, बारीक दातांची करवत, अर्धा आणि एक इंची पटाशी, छोटा रंधा, पॉलिश पेपर. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. शक्यतो दुकानात जाऊन, हातात धरून घ्या. गुण्या तर तिथेच तपासा. सरळ कडेला लावून एक रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर परत ठेवा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

एवढ्यावर स्टूल, शेल्फ, खोके सगळं होतं. त्यानंतर ड्रिल. आणि वळणदार कापायचं असेल तर जिगसॉ.

आता कटरबद्दल बोलू. चार इंची ग्राइंडर स्वस्त मिळतो, आणि त्याला लाकडाचं दातेरी पातं लावून काम करणारे तुम्ही पाहिले असतील. हे करू नका. अजिबात नाही. ग्राइंडर बनलाय लोखंड घासायला. तो मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे फिरतो, आणि खाली टेकायला बैठक नसते. कापताना फळीची चीर मिटली की पातं त्यात अडकतं आणि अख्खं मशीन उलटं तुमच्या अंगावर येतं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. सरळ लांब काप हवेत ना? बैठक आणि आपोआप मिटणारं गार्ड असलेली सर्क्युलर सॉ घ्या. तीही मागे फेकतेच, म्हणून कापून पडणारा तुकडा मोकळा राहू द्या, दोन्हीकडून टेकू देऊ नका, आणि पात्याच्या रेषेत उभे राहू नका. पातं बदलताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही.

हातमोजे? फिरत्या मशीनवर नकोत. बोटाच्या आधी मोजा ओढला जातो आणि मागोमाग हात. ओढणी, मोकळे केस, मनगटातला गंडादोरा, सगळं तसंच. चष्मा मात्र हवाच. आणि हो, मशीन चालू असताना इअरफोन नको. आमचा पॉडकास्टसुद्धा नको! मोटरचा आवाज जड झाला की पातं अडकतंय, हे कानालाच कळतं.

धुळीकडे कुणी लक्ष देत नाही, कारण ती लगेच दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाकाचा कर्करोग. एमडीएफची धूळ तर फारच बारीक असते. रुमाल पुरत नाही, एन-९५ बांधा, आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पुणेकरांनो, दुपारी १ ते ४ मशीन लावलंत तर मात्र धोका शेजाऱ्यांकडून आहे.

वायरिंगचं थोडक्यात: बारीक वायरचं एक्स्टेंशन नको, आणि घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

शेवटची गोष्ट नको वाटली तरी ऐका. खोल कापलं तर हळद, कॉफी काही भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. बोट तुटलंच तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, ते खराब होतं. घरात एकटे असताना मशीन लावू नका, ते यासाठीच.

पुढच्या भागात पटाशीला धार लावू. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि ती जास्त घसरते. तोवर धारेचा दगड आणून ठेवा, एका बाजूने खरखरीत आणि दुसरीने बारीक असलेला.